घरी कन्नड, शाळेत मराठी: बोलणे जमते, पण शाब्दिक उदाहरण अडते. संशोधन काय सांगते?

प्रश्न: सीमाभागातील शिक्षिका

सर्व जाणकारांना नमस्कार.

सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या एका वस्तीवर मी जिल्हा परिषदेच्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. परंतु आमच्या वस्तीला जवळची शाळा मराठी आहे, शिवाय पुढचे शिक्षण आणि नोकरी मराठीतून सोपी जाईल असे पालकांना वाटते. त्यामुळे घरी कन्नड बोलणारी बरीच मुले आमच्याकडे पहिलीत दाखल होतात. सुरुवातीचे काही महिने ती गप्प असतात. दुसरी संपेपर्यंत मात्र मैदानावर, पोषण आहाराच्या पंगतीत आणि भांडणातसुद्धा ती इतके सराईत मराठी बोलू लागतात, की कोणाच्या घरी कोणती भाषा आहे हे बाहेरून आलेल्या माणसाला ओळखता येत नाही.

अडचण सुरू होते ती तिसरी-चौथीत. उतारा वाचून उत्तरे लिहिणे आणि गणितातील शाब्दिक उदाहरणे सोडवणे, या दोन ठिकाणी ही मुले मागे पडू लागतात. परवा चौथीच्या वर्गात मी फळ्यावर लिहिले: ‘सीमाकडे राधापेक्षा ७ गोट्या कमी आहेत. सीमाकडे १२ गोट्या असतील, तर राधाकडे किती गोट्या आहेत?’ बहुतेकांनी १२ मधून ७ वजा करून ५ हे उत्तर लिहिले. १२ आणि ७ यांची बेरीज त्यांना येत नाही असे मुळीच नाही. नुसती बेरीज मांडली तर ती क्षणात करतात. लेखनात ‘ते खुर्ची मोडलं’, ‘भिंत पडलं’ अशी वाक्ये सर्रास आढळतात आणि वह्या लाल शाईने भरून जातात.

याबाबत मला परस्परविरोधी सल्ले मिळाले आहेत. अनुभवी सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की दोन भाषांमुळे मुलांचा गोंधळ होतो. तेव्हा पालकांनी घरीही मराठीच बोलावे असे आपण त्यांना सांगावे. उलट, एका प्रशिक्षणात आम्हाला सांगण्यात आले, की द्विभाषिक मुले एकभाषिक मुलांपेक्षा अधिक बुद्धिमान असतात हे आता सिद्ध झाले आहे, म्हणून काळजीचे कारण नाही. समोरची मुले पाहता मला यांपैकी एकही गोष्ट पटत नाही. दुसरी भाषा शिकणे आणि द्विभाषिकता यांवर जगभर जे संशोधन झाले आहे, ते अशा मुलांविषयी नेमके काय सांगते? घरची भाषा बदलण्याचा सल्ला योग्य आहे का? आणि वर्गात मी काय करावे? ज्यांनी हा विषय अभ्यासला आहे किंवा अशा वर्गात शिकवले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


उत्तर: उपयोजित भाषाविज्ञान, पुणे

मॅडम, आपले निरीक्षण फार नेमके आहे आणि त्याच्याशी जुळणारे संशोधन उपलब्ध आहे. सर्वांत आधी एक विनंती: पालकांना घरची कन्नड सोडायला कृपया सांगू नका. त्याची कारणे पुढे ओघाने येतीलच.

मैदानावरची भाषा आणि पाठ्यपुस्तकातली भाषा या दोन वेगवेगळ्या क्षमता आहेत, हा भेद कॅनडातील संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडला. पुढे १९८१ मध्ये टोरोंटोमधील स्थलांतरित मुलांच्या माहितीची फेरमांडणी करून त्यांनी असे दाखवले, की अशी मुले दैनंदिन संभाषणापुरते इंग्रजी साधारण दोन वर्षांत आत्मसात करतात; मात्र शालेय भाषेत आपल्या वयाच्या इंग्रजी भाषक मुलांच्या बरोबरीला येण्यास त्यांना पाच ते सात वर्षे लागतात. संभाषणात समोरच्याचा चेहरा, हातवारे आणि समोर असलेली वस्तू यांचा आधार असतो. चौथीच्या उदाहरणात यांपैकी काहीच नसते. सगळा अर्थ वाक्यरचनेतूनच काढावा लागतो. आपली मुले पहिलीत आली आणि आज चौथीत आहेत, म्हणजे या हिशेबाने ती अजून अर्ध्या वाटेवर आहेत. तोंडी मराठी अस्खलित असल्यामुळे भाषेचा प्रश्न सुटला असे आपल्याला वाटते, आणि मग उरलेल्या अडचणीचे खापर मुलाच्या बुद्धीवर फोडले जाते. कमिन्स यांचा मूळ आक्षेप नेमका याच गोष्टीला होता: कॅनडात अशा मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या इंग्रजीतून घेऊन त्यांच्यावर मंदबुद्धीचे शिक्के मारले जात होते.

या मांडणीवर टीकाही झाली आहे आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. कॅरोल एडेल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये असा आक्षेप घेतला, की ज्याला ‘शालेय भाषाक्षमता’ म्हटले जाते ती बरीचशी परीक्षा देण्याची सवय असते, आणि गरिबाघरच्या मुलांकडे ‘भाषाच कमी आहे’ असे म्हणण्याची पळवाट या भेदामुळे मिळते. मला हा आक्षेप अर्धा पटतो. शाळेची भाषा घरच्या भाषेपेक्षा श्रेष्ठ नाही. ती वेगळी आहे आणि कोणीतरी शिकवल्याशिवाय येत नाही. ‘समच्छेद’, ‘परिमिती’, ‘विक्रीची किंमत’ हे शब्द मराठी घरातले मूलही शाळेतच प्रथम ऐकते.

आता आपल्या गोट्यांच्या उदाहरणाकडे वळतो. या उदाहरणात ‘कमी’ हा शब्द आहे, पण करायची आहे बेरीज. अशा उलट मांडणीच्या उदाहरणांवर अ‍ॅन लुईस आणि रिचर्ड मेयर यांनी १९८७ मध्ये अमेरिकेत अभ्यास केला. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थी, तेही आपल्याच भाषेतली उदाहरणे सोडवताना, सुलट मांडणीच्या तुलनेत उलट मांडणीत स्पष्टपणे अधिक चुकले. म्हणून आपल्या वर्गातले ५ हे उत्तर कन्नडमुळे आले असे लगेच म्हणता येणार नाही. ते पडताळण्याचा सोपा मार्ग असा: तेच उदाहरण कन्नड जाणणाऱ्या व्यक्तीकडून मुलांना तोंडी कन्नडमध्ये सांगावे. त्यानंतर उत्तर बरोबर आले, तर अडचण मराठी वाक्य उलगडण्याची आहे. तरीही ५च आले, तर तुलना ही गणिती कल्पनाच अजून पक्की झालेली नाही. मराठी भाषक मुलांनाही तेच उदाहरण द्यावे. त्यांच्यापैकी किती जण ५ लिहितात हे पाहिल्याशिवाय तुलनेला अर्थ राहत नाही.

लिंगाच्या चुकांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे आपल्याच जिल्ह्याने जगाच्या भाषाविज्ञानाला मोठी देणगी दिली आहे. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये असे मांडले, की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे त्याच्या मनात तयार होत असलेल्या नियमांचा पुरावा होय. १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या मधल्या टप्प्यावरच्या व्यवस्थेला ‘अंतरभाषा’ या अर्थाचे नाव दिले. कन्नडमध्ये पुरुषांसाठी पुल्लिंग, स्त्रियांसाठी स्त्रीलिंग आणि माणसाखेरीज बाकी जवळपास सर्वांसाठी नपुंसकलिंग, अशी अर्थावर चालणारी व्यवस्था आहे. मराठीत मात्र तो दगड, ती भिंत, ते घर. निर्जीव वस्तूंचे लिंग बरेचसे पाठच करावे लागते. ‘ते खुर्ची मोडलं’ लिहिणारे मूल एक सुसंगत नियम प्रामाणिकपणे पाळत आहे. त्याने क्रियापदही नपुंसकलिंगीच वापरले आहे, म्हणजे मराठीतला लिंग आणि क्रियापदाचा मेळ त्याला समजला असावा. चुकले आहे ते नामाचे वर्गीकरण.

जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये केलेला अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. आज सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेचा भाग असलेले कुपवाड तेव्हा खेडे होते आणि तेथे मराठी, कन्नड, उर्दू व तेलुगू या चार भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत होत्या. ज्याने त्याने घरची भाषा टिकवली होती. पण शतकांच्या व्यवहारातून वाक्यरचना इतकी जवळ आली होती, की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येत असे. विशेष म्हणजे कुपवाडच्या मराठीतही निर्जीव नामे कन्नडप्रमाणे नपुंसकलिंगाकडे सरकली होती. म्हणजे ज्या वाक्यांवर आपण आज लाल रेघ मारतो, तशी वाक्ये बोलणारी माणसे या जिल्ह्यात पूर्वीपासून आहेत आणि त्यांना कोणी गोंधळलेले म्हटले नाही. प्रमाण मराठी शिकवणे आपले कर्तव्यच आहे. परंतु प्रत्येक चुकीवर रेघ मारण्यापेक्षा, एका आठवड्यात वर्गातल्या स्त्रीलिंगी वस्तूंचाच एक गट घेऊन त्यावर भरपूर तोंडी आणि लेखी काम करणे अधिक फलदायी ठरेल असे मला वाटते.


उत्तर: मानसशास्त्राचा अभ्यासक

‘द्विभाषिक मुले अधिक बुद्धिमान असतात हे सिद्ध झाले आहे’ या विधानाविषयी लिहितो. ते आज या स्वरूपात कोणी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

या प्रश्नावर संशोधनाचा लंबक दोन्ही टोकांना जाऊन आला आहे. १९२३ मध्ये डी. जे. सेअर यांनी वेल्समधील सुमारे १४०० मुलांच्या चाचण्या घेतल्या आणि ग्रामीण भागातील द्विभाषिक मुले एकभाषिकांपेक्षा बुद्ध्यंकात मागे असल्याचे नोंदवले. शहरी मुलांमध्ये हा फरक दिसला नव्हता, आणि खरे तर तेथेच शंका यायला हवी होती. तरीही पुढची अनेक दशके ‘दोन भाषांमुळे गोंधळ होतो’ हा समज शास्त्राच्या नावाने पसरत राहिला. आपल्या सहकाऱ्यांचा सल्ला मुळात तेथूनच झिरपत आला असावा.

१९६२ मध्ये मॉन्ट्रियलमधील एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी चित्र पालटले. त्यांनी फ्रेंच शाळांतील दहा वर्षांची मुले घेतली, सामाजिक-आर्थिक स्तर सारखा राहील याची काळजी घेतली, आणि १८ पैकी १५ मापनांत द्विभाषिक मुले पुढे असल्याचे त्यांना आढळले. मात्र मुळातल्या ३६४ मुलांमधून त्यांनी ११० निवडली होती आणि द्विभाषिक गटात दोन्ही भाषा सारख्याच उत्तम येणारीच मुले ठेवली होती. ज्या मुलाने दुसरी भाषा इतकी चांगली आत्मसात केली, ते आधीपासूनच हुशार असण्याची शक्यता या निवडीत नाकारता येत नाही.

एकविसाव्या शतकात टोरोंटोच्या एलन बियालिस्टॉक यांच्या संशोधनामुळे ‘द्विभाषिक लाभ’ ही कल्पना वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचली. २००४ च्या त्यांच्या प्रसिद्ध लेखातील पहिल्या प्रयोगात पडद्यावर डाव्या किंवा उजव्या बाजूला रंगीत चौकोन दिसे आणि त्याची जागा विसरून केवळ रंगानुसार कळ दाबायची असे. द्विभाषिक प्रौढ यात कमी अडखळले. परंतु ते द्विभाषिक भारतात राहणारे तमिळ-इंग्रजी भाषक होते आणि एकभाषिक कॅनडातले होते. दोन गटांत भाषेखेरीज किती गोष्टी वेगळ्या असतील याची कल्पना करावी. पुढे २०१५ मध्ये अँजेला द ब्रूइन आणि सहकाऱ्यांनी १९९९ ते २०१२ या काळातील परिषदांमधील १०४ सारांश तपासले, तेव्हा लाभ दाखवणारे अभ्यास नियतकालिकांत छापून येण्याचे प्रमाण विरोधी निष्कर्षांच्या अभ्यासांपेक्षा बरेच जास्त निघाले. २०१८ मध्ये मिन्ना लेहटोनेन आणि सहकाऱ्यांनी प्रौढांवरील १५२ अभ्यास एकत्र केले. छपाईतला हा कल हिशेबात घेतल्यावर लाभ उरला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतील नऊ-दहा वर्षांच्या ४५२४ मुलांच्या माहितीतही तो दिसला नाही.

तरीही दोन भारतीय अभ्यास मला फार महत्त्वाचे वाटतात. अजित मोहंती यांनी ओडिशातील त्या वेळच्या फुलबनी जिल्ह्यात कंध आदिवासी मुलांचा अनेक वर्षे अभ्यास केला. काही भागांत कंधांची कुई भाषा लोपून ते केवळ ओडिया बोलू लागले होते, तर इतरत्र कुई आणि ओडिया दोन्ही टिकल्या होत्या. जमात तीच, गरिबी तीच, फरक मुख्यतः भाषेचा. इतकी स्वच्छ तुलना प्रयोगशाळेत मांडूनही मिळणार नाही. तेथे द्विभाषिक मुले भाषेचा भाषा म्हणून विचार करण्याच्या कसोट्यांवर सरस ठरली. दुसरा अभ्यास हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील, सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांचा, २०१३ मधला. स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांपैकी ३९१ द्विभाषिक होते आणि त्यांच्यात आजाराची लक्षणे एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली होती. शाळेची पायरीही न चढलेल्या रुग्णांतही हा फरक दिसला, हे विशेष. अर्थात हे रुग्णालयात पोहोचलेल्या लोकांचे चित्र आहे आणि चौथीतल्या गणिताबद्दल ते काही सांगत नाही.

म्हणून पालकांसमोर ‘मूल हुशार होईल’ असे आश्वासन देऊ नये. ‘दोन भाषांमुळे मुलाचे नुकसान होत नाही’ एवढे मात्र निःशंकपणे सांगावे, कारण त्या बाजूचा पुरावा कितीतरी भक्कम आहे.


उत्तर: मेळघाटातील शिक्षक

नमस्कार मॅडम. आमच्याकडे मुलांच्या घरी कोरकू असते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, त्यामुळे मराठीशी तिचे कसलेच नाते नाही. बाजारात हिंदी आणि पुस्तकात मराठी. आपल्या मुलांपेक्षा आमच्या मुलांना भाषेचे अंतर अधिक कापावे लागते, पण आपण वर्णन केलेला चौथीतला अडथळा हुबेहूब तोच आहे.

सुरुवातीला मी प्रत्येक वाक्य मराठीत सांगून लगेच कोरकूत सांगत असे, किंवा मोठ्या मुलांकडून सांगवून घेत असे. मुले मराठी वाक्याकडे कान देईनाशी झाली. कोरकू वाक्य येणारच आहे हे त्यांना माहीत असे, मग आधीचे ऐकायचे कशाला? अमेरिकेतील द्विभाषिक वर्गांच्या निरीक्षणांतही हाच परिणाम नोंदला गेल्याचे मी नंतर वाचले. तेव्हापासून मी वाक्यागणिक भाषांतर बंद केले आणि कामाची विभागणी बदलली. उदाहरण फळ्यावर मराठीत येते. मुले तिघातिघांच्या गटात त्यावर कोरकूत बोलतात आणि काय घडले याचे चित्र काढतात. मी फिरून एवढेच पाहतो, की कोणाकडे जास्त आणि कोणाकडे कमी हे चित्रात बरोबर आले आहे का. उत्तर मात्र मराठीत, पूर्ण वाक्यात लिहायचे: ‘राधाकडे १९ गोट्या आहेत, कारण तिच्याकडे सीमापेक्षा ७ जास्त आहेत.’ हा ‘कारण’ लिहिणे मुलांना सुरुवातीला फार जड जाते. माझा अनुभव असा, की खरी शालेय मराठी त्या ‘कारण’पासून सुरू होते.

एका भाषेत ऐकणे किंवा चर्चा करणे आणि दुसरीत लिहिणे या पद्धतीला १९९० च्या दशकात वेल्समध्ये केन विल्यम्स यांनी शिक्षणशास्त्रात स्थान मिळवून दिले. वरच्या उत्तरात वेल्सचा १९२३ चा उल्लेख वाचून मला हे मुद्दाम लिहावेसे वाटले: ज्या प्रदेशातल्या मुलांच्या दोन भाषा एके काळी दोष ठरल्या, तेथेच दोन्ही भाषा वर्गात कामाला लावण्याची रीत घडली.

आपल्याला कन्नड कितपत येते हे प्रश्नात नाही. येत नसेल तरी हरकत नाही. मला कोरकू मोडकीतोडकीच येते आणि माझे उच्चार ऐकून मुले मला दुरुस्त करतात. त्यातून गप्प बसणारी मुलेही बोलती होतात.


प्रतिसाद: सीमाभागातील शिक्षिका

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मला कन्नड समजते, बोलताना अडखळते. सुचवल्याप्रमाणे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींकडून तेच उदाहरण मुलांना कन्नडमध्ये सांगवले. काही मुलांनी ऐकताक्षणी १९ सांगितले. काहींनी कन्नडमध्येही ५च सांगितले, आणि मराठी घरांतल्या मुलांपैकीही बऱ्याच जणांनी तेच केले. एकच चुकीचे उत्तर देणारी मुले खरे तर दोन वेगळ्या गटांतली आहेत, हे मला प्रथमच स्पष्ट दिसले.

आणखी एक प्रश्न विचारते. शाळा व्यवस्थापन समितीत पुढील वर्षापासून सेमी इंग्रजी सुरू करण्याची मागणी आहे. लहान वयात भाषा लवकर येते, म्हणून गणित आतापासूनच इंग्रजीतून शिकवावे, असे पालक म्हणतात. परदेशात मुले संपूर्ण शिक्षण दुसऱ्या भाषेतून घेतात, असेही उदाहरण दिले जाते. याला आधार आहे का?


उत्तर: उपयोजित भाषाविज्ञान, पुणे

मॅडम, कन्नडमध्येही ५ सांगणाऱ्या आणि मराठी घरांतल्या ५ सांगणाऱ्या मुलांना एकत्र बसवून तुलनेवर काम घ्यावे. खऱ्या गोट्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडाव्यात आणि प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंनी वाक्य वदवून घ्यावे: सीमाकडे राधापेक्षा ७ कमी, म्हणजेच राधाकडे सीमापेक्षा ७ जास्त. ज्यांना कन्नडमध्ये लगेच उमगले, त्यांच्यासाठी मेळघाटातील सरांची पद्धत अगदी योग्य आहे; त्यांना गणित नव्हे, तर मराठी वाक्य शिकवायचे आहे.

परदेशातील उदाहरण बहुधा कॅनडाचे असावे. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट येथे १९६५ मध्ये इंग्रजी भाषक पालकांच्या आग्रहाने बालवर्गापासून संपूर्ण फ्रेंचमधून शिक्षण सुरू झाले. लॅम्बर्ट आणि टकर यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनानुसार मुलांचे इंग्रजी किंवा गणित मागे पडले नाही आणि फ्रेंचही चांगले आले. परंतु तेथील परिस्थिती पाहावी. त्या मुलांची घरची भाषा इंग्रजी, म्हणजे साऱ्या खंडातली प्रबळ भाषा. ती शाळेबाहेर आपोआप वाढत होती आणि काही वर्षांनी शाळेतही शिकवली जात होती. शिक्षिका स्वतः फ्रेंचमध्ये पारंगत होत्या आणि दिवसभर फ्रेंच कानावर पडत होते. लॅम्बर्ट यांनीच पुढे भर घालणारी आणि वजाबाकी करणारी द्विभाषिकता असा भेद केला: पहिल्या प्रकारात नवी भाषा आधीच्या भाषेत जमा होते, दुसऱ्या प्रकारात ती आधीच्या भाषेची जागा घेते. आपल्या मुलांची कन्नड शाळेत कोठेच नाही, मराठीचा पाया अर्धा भरला आहे, आणि त्यावर इंग्रजीतून गणित येणार आहे. सेंट लॅम्बर्टचा दाखला येथे लागू पडत नाही.

वयाविषयीचा समजही निम्माच खरा आहे. भाषा सर्व बाजूंनी कानावर पडत असेल, तर लवकर सुरुवात करणारे शेवटी पुढे जातात; जॉन्सन आणि न्यूपोर्ट यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत स्थायिक झालेल्या ४६ चिनी व कोरियन भाषकांच्या अभ्यासात हेच दाखवले. परंतु आठवड्याला मोजक्या तासिका असतील, तर चित्र उलटे होते. कार्मेन मुन्योस यांच्या बार्सिलोनातील दीर्घकालीन प्रकल्पात इंग्रजी आठव्या वर्षी सुरू करणाऱ्या आणि अकराव्या वर्षी सुरू करणाऱ्या मुलांची, तासिका सारख्या झाल्यावर, तुलना केली गेली. उशिरा सुरू करणारी मुले पुढे होती, कारण मोठी मुले वर्गात शिकवलेले नियम लवकर पकडतात. आपल्याकडे २००० पासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून आहेच. तो चांगला शिकवला जावा, गोष्टी आणि गाणी भरपूर व्हावीत, ही मागणी पालकांनी अवश्य करावी; गणिताचे माध्यम बदलणे ही त्यापेक्षा अगदी वेगळी गोष्ट आहे.

समितीच्या बैठकीत आपण एकच प्रश्न पुढे ठेवावा असे सुचवतो: मुलाला भागाकार समजला नाही, तर शिक्षक तो कोणत्या भाषेत पुन्हा समजावतील? उत्तर ‘मराठीत’ असे आले, तर पुस्तक इंग्रजी आणि समजावणे मराठी अशी तारांबळ उडेल, आणि कन्नड घरातल्या मुलाला ते समजावणेही दुसऱ्या भाषेतूनच मिळेल. तरीही निर्णय सेमी इंग्रजीचाच झाला, तर निदान चौथीपर्यंत गणित मराठीत ठेवून पाचवीपासून सुरुवात करावी आणि इंग्रजी संज्ञांबरोबर मराठी संज्ञाही वहीत लिहायला लावाव्यात.

आपण दोन गटांची नोंद ठेवणार असाल, तर प्रत्येक मुलाच्या नावापुढे घरची भाषा आणि मराठी शाळेत काढलेली वर्षे असे दोन रकाने ठेवा, आणि दर सत्राला एक सुलट व एक उलट मांडणीचे उदाहरण दोन्ही भाषांत द्या. दोन-तीन वर्षांची अशी नोंद झाली, तर ती अभ्यासकांनाही उपयोगी पडेल. ती मांडण्यासाठी लागेल ती मदत करायला मी तयार आहे. येथेच निरोप ठेवावा.